गवत उगवलं की निघायचं – ऑरेगॉन ट्रेलच्या बैलगाड्या

रानवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला डेनव्हरहून वायोमिंगला गेलो होतो. बायकोला यलोस्टोन हवं होतं पण तीन दिवसांत ते काही जमणार नव्हतं, मग मी माझं घोडं पुढे दामटलं आणि गर्न्सी नावाच्या बारक्या गावाजवळ सगळ्यांना घेऊन गेलो. तिथे बघायला काय, तर चाकोरी! म्हणजे शब्दशः चाकोरी. आपण हा शब्द नोकरीबिकरीबद्दल वापरतो, मी खरीखुरी चाकोरी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. वाळूचा दगड आहे, मऊसर, आणि गाड्यांची चाकं, बैलांचे खूर आणि माणसांचे पाय यांनी तो इतका झिजलाय की काही ठिकाणी पाच फूट खोल चर पडलाय. माझा मुलगा आत उभा राहिला तर त्याचं फक्त डोकं दिसत होतं.

हा ऑरेगॉन ट्रेल. मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावापासून पार पश्चिमेला विलॅमेट खोऱ्यापर्यंत साधारण दोन हजार मैल. आधी थोडे मिशनरी आणि फरचे व्यापारी जायचे, पण १८४३ च्या मे महिन्यात सुमारे हजार माणसं एकदम बायकापोरं, गाड्या आणि हजारो गुरं घेऊन निघाली आणि तिथून रांगच लागली. १८४९ ला कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, १८५२ च्या एका उन्हाळ्यात साठ-सत्तर हजार लोक या रस्त्याने गेले. पुढे रेल्वे आली (१८६९ च्या मे मध्ये प्रॉमंटरीला दोन्हीकडचे रूळ जोडले), तोवर ऑरेगॉन, कॅलिफोर्निया आणि यूटा मिळून तीन ते चार लाख लोक असे चालत गेले असं मानतात. हो, चालत. गाडीत बसायला जागाच नसायची आणि स्प्रिंग नसल्यामुळे बसलं तर हाडं खिळखिळी व्हायची.

मला तिथे उभं राहून एकच गोष्ट सारखी जाणवत होती की हा सगळा प्रकार गवतावर चालला होता. पेट्रोल म्हणजे गवत. एप्रिलअखेर-मे मध्ये माळावर गवत उगवलं की निघायचं, लवकर निघालात तर बैलांना चारा नाही, उशिरा निघालात तर पुढच्यांच्या गुरांनी रस्ता खरवडून खाल्लेला आणि वर ऑक्टोबरात डोंगरावर बर्फ. म्हणजे पाचसहा महिन्यांची खिडकी, तीच काय ती. कोणाला अजून माहिती असेल तर भर घाला.

चकली

मस्त धागा! माझी लेक चौथीत असताना शाळेत यावरचा जुना कॉम्प्युटर गेम खेळायची आणि रोज घरी येऊन जाहीर करायची की आज आमच्या गाडीतले सगळे हगवणीने मेले. सासूबाई हादरल्या होत्या, म्हणाल्या अगं शाळेत हे काय शिकवतात.

कोकणी_मेवा

वाचतोय. बाकी ते गाड्यांचं रिंगण करून आतून गोळ्या झाडायच्या आणि बाहेरून रेड इंडियन घोड्यांवरून फेऱ्या मारताहेत, ते कुठे होतं, ती जागा बघितलीत का?

रानवारा

@कोकणी_मेवा, ती जागा हॉलिवूडमध्ये आहे :) रिंगण करायचे हे खरं, पण मुख्यतः गुरं रात्री भटकू नयेत म्हणून. गोठा हो, चाकांवरचा गोठा.

खिलारप्रेमी

रानवारा भाऊ, आमचं गाव सांगोल्याकडं, आजोबांची गाडी होती, मी पण जुंपलीय लहानपणी, त्यामुळं विचारल्याशिवाय राहवत नाही. बैल म्हणताय ते नक्की बैलच का? पिक्चरमध्ये कायम घोडे दाखवतात. किती जोड्या लावायचे, एका दिवसाला किती पल्ला, पत्री (खुराचा नाल) मारायचे का नाही, आणि एवढ्या लांब गेल्यावर धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) टिकते का? आमच्याकडं उन्हाळ्यात लाकूड आकसलं की धाव ढिली व्हायची मग चाकं ओढ्यात भिजत टाकायची.

रानवारा

खिलारप्रेमी, तुम्ही असे प्रश्न विचारलेत की मी परत जाऊन वाचून आलो.

बहुतेक गाड्यांना बैलच. घोडा दिसायला भारी पण त्याला दाणा लागतो, नुसत्या माळाच्या गवतावर तो खंगतो. खेचरं चालायला चपळ पण महाग आणि हट्टी. बैल सावकाश, तासाला दोन मैल, पण मिळेल ते खातो, चिखलातून ओढतो, किंमत कमी आणि अगदीच वेळ आली तर त्याचं मांसही खाता येतं (खिलारप्रेमी माफ करा). एका गाडीला दोन किंवा तीन जोड्या. दिवसाचा पल्ला साधारण पंधरा मैल, नदी-चढण आली तर दोनतीन सुद्धा.

वेसण नाही! हे वाचून मला पण आश्चर्य वाटलं. कासरा नाही, वेसण नाही, हाकणारा डाव्या बाजूने चालत जायचा आणि नुसत्या आवाजावर आणि चाबकाच्या फटक्याच्या आवाजावर उजवीकडे-डावीकडे वळवायचा. मानेवर लाकडी जू आणि मानेखालून वाकवलेल्या लाकडाची कमान. पत्री मारायचे, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन तुकडे, आपल्यासारखंच.

धावेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते तंतोतंत. वायोमिंगची हवा इतकी कोरडी की चाक आकसायचं, आरे खडखडायला लागायचे आणि लोखंडी धाव चालता चालता निसटून पडायची. मग रात्री चाकं काढून नदीत, नाहीतर धावेच्या आत लाकडाच्या चिपा ठोकायच्या. आसाला लावायला डांबर आणि चरबीचं वंगण, त्याची बादली मागच्या आसाला टांगलेली.

गाडीचं म्हणाल तर जहाजासारखी प्रचंड नाही, शेतावरचीच, साटा साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद, वर कमानींवर जवसाचं तेल पाजलेलं जाड कापड. माल एक टनाच्या आसपास, आणि त्यातला बराचसा नुसता शिधा. हेस्टिंग्ज नावाच्या एकाने १८४५ ला प्रवाशांसाठी गाईड छापलं त्यात माणशी यादी आहे: २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी, १० पौंड मीठ. आता पाच माणसांचा हिशेब करा आणि सांगा आजीचं कपाट कुठे ठेवणार. त्यामुळे सुरुवातीला भरलेली कपाटं, चुली, ऐरणी, पुस्तकं पुढे रस्त्याच्या कडेला टाकलेली असायची, फोर्ट लॅरमीजवळ तर ढीग.

खिलारप्रेमी

वेसण नाही हे भारीच. आमचा एक बैल वेसण असून ऐकत नव्हता.

सांजसावली

हा धागा बघून लॉगिन केलं खास.

तुम्ही सगळे गाडी आणि बैल यावर बोलताय, मी या रस्त्यावरच्या बायकांच्या डायऱ्या मध्यंतरी झपाटल्यासारख्या वाचल्या होत्या. जायचं हे बहुतेक ठिकाणी नवऱ्याने ठरवलेलं असायचं. मिसिसिपीच्या खोऱ्यात हिवताप, १८३७ च्या मंदीनंतर धान्याला भाव नाही, आणि तिकडे फुकट जमीन मिळणार म्हणून ऐकलेलं. बाई मात्र आईवडलांना, थडग्यातल्या मुलाला मागे ठेवून निघायची आणि परत भेट नाही हे तिला पक्कं माहीत असायचं. आणि हे गरिबातले गरीब लोक नव्हते हं, गाडी, बैल, शिधा मिळून एका कुटुंबाला पाचसहाशे डॉलर तरी लागायचे, तेव्हाचे. शेत विकून निघालेली माणसं, म्हणजे परत जायला घरच नाही.

रस्त्यात झाडं नाहीत, प्लॅट नदीच्या काठाने शेकडो मैल नुसता माळ. मग चुलीला काय? रानम्हशींचं, म्हणजे बायसनचं, वाळलेलं शेण. आधी नाकं मुरडायच्या, हातमोजे घालून उचलायच्या, आठवड्याभरात परकराच्या ओच्यात गोळा करायला लागल्या. हे वाचताना मला आपल्या गोवऱ्या आठवून इतकं हसू आलं, आपल्याला कोणी सांगायला लागलं नसतं! फरक एवढाच की थापायचे कष्ट नाहीत, ऊन आणि वारा आपोआप करतो. पावसात मात्र पंचाईत, मग कच्चं बेकन आणि शिळा पाव.

दूध सकाळी झाकणाच्या बादलीत घालून गाडीला टांगायचं, संध्याकाळपर्यंत हिसक्यांनी लोणी तयार. रवी नको घुसळणं नको. रस्ता किती वाईट असेल याचा अंदाज येतो.

एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही, अमेलिया स्ट्युअर्ट नाइट. ९ एप्रिल १८५३ ला आयोवातून निघाली, नवरा आणि सात मुलं. डायरीत रोजचं, पाऊस, चिखल, धुणं, आजारी पोरं, मेलेले बैल. ऑगस्टमध्ये एके दिवशी मुक्काम हलवला आणि लूसी नावाची मुलगी मागेच राहिली, कोणाच्या लक्षातच नाही! काही मैलांवर गुरांना विसावा द्यायला थांबले तेव्हा मागून दुसऱ्या लोकांच्या गाड्या आल्या आणि त्यात लूसी. धाकटा चॅटफील्ड गाडीखाली पडून थोडक्यात वाचला. आणि सगळी डायरी संपत आली की शेवटी सप्टेंबरात एका ओळीत कळतं की रस्त्याच्या कडेला तिला आठवं मूल झालं. अख्खा प्रवास ती बाई गरोदर होती आणि पाच महिन्यांत एकदाही तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. मी मागे जाऊन परत वाचली, मग ‘आज बरं नाही’ या वाक्यांचा अर्थ लागला.

चकली

बापरे लूसी!! आमचा एकदा एक जण फूडमॉलवर राहिला होता, पण दहा मिनिटांत कळलं.

सांजसावली ताई, ९ एप्रिल १८५३ म्हणजे बघा, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे पहिली आगगाडी धावली. इकडे आपल्याकडे वाफेचं इंजिन सुटलं आणि तिकडे ती बाई आठवडाभर चिखलात बैलांच्या मागे.

अर्धवटराव

धागा रंगलाय, पण एक खडा टाकतो. वर पायोनियर वगैरे शब्द अजून कोणी वापरला नाही याबद्दल आभार, पण ‘फुकट जमीन’ असं सहज लिहून गेलात. कोणाची फुकट जमीन?

१८५० चा ऑरेगॉनचा जमिनीचा कायदा बघा. आधी येऊन बसलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४० एकर (त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर, हे त्या काळात खरंच विशेष, म्हणून तिकडे तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना मागणी आली). पण ज्या टोळ्यांची ती जमीन, त्यांच्याशी करार व्हायच्या आधीच वाटप सुरू. आणि काळ्या माणसाला काही नाही, १८४४ पासून तिथे काळ्यांनी राहायचंच नाही असे कायदे केलेले. जॉर्ज बुश म्हणून एक होता (हसू नका, प्रेसिडेंटचा संबंध नाही), मिश्र वंशाचा, पैसेवाला, १८४४ ला गाड्या घेऊन आला आणि वाटेत अडलेल्या शेजाऱ्यांना त्याने मदत केली म्हणतात. तिथे पोचल्यावर कळलं हा कायदा, मग तो कोलंबिया नदीच्या उत्तरेला प्युजेट साउंडकडे गेला आणि त्याच्याबरोबरचे गोरे शेजारी पण गेले. पुढे त्याची जमीन त्याच्या नावावर व्हायला १८५५ मध्ये अमेरिकन काँग्रेसला खास ठराव करायला लागला.

कोकणी_मेवा

झालं सुरू. अर्धवटराव, प्रत्येक धाग्यात तुम्ही हेच आणता. माणसं बिचारी पोटासाठी निघाली होती, हल्ले त्यांच्यावर पण झालेच ना.

अर्धवटराव

झाले, नाही म्हणत नाही. आकडेच घ्या. जॉन अनरू या इतिहासकाराने १८४० ते १८६० ची मोजदाद केली, त्यात इंडियनांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, आणि प्रवाशांच्या हातून मेलेले इंडियन ४२६. वीस वर्षांत. उलट बराच काळ त्यांच्याच जिवावर हे लोक पोचले. नद्यांवर होड्या चालवायचे, गुरं पलीकडे पोहवायचे, स्नेक नदीवर शोशोनी लोक सामन मासे द्यायचे, बदल्यात शर्ट नाहीतर गळ.

आणि रानवारांनी गवताचं लिहिलंय ना, तोच मुद्दा मी पुढे नेतो. ते गवत होतं कोणाचं? प्लॅटच्या खोऱ्यात हजारो बैल दर उन्हाळ्यात चरून जायचे, काठची होती नव्हती ती झाडं तोडली, रानम्हशी दूर सरकल्या. १८५१ ला फोर्ट लॅरमीजवळ मोठा करार झाला, रस्त्याच्या बदल्यात पन्नास वर्षं माल देऊ म्हणाले, सिनेटने परस्पर मुदत कापली. तीन वर्षांत काय झालं ते बघा. ऑगस्ट १८५४, एका मॉर्मन पंथाच्या प्रवाशाची लंगडी गाय भरकटून लाकोटा टोळीच्या वस्तीत शिरली, तिथे एका पाहुण्या माणसाने ती मारून खाल्ली. त्यांचा म्होरक्या काँकरिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. ग्रॅटन नावाचा नवाकोरा लेफ्टनंट २९ शिपाई आणि तोफा घेऊन त्या माणसाला पकडायला गेला, गोळीबार केला, म्होरक्याला मारलं आणि स्वतः सगळ्या तुकडीसकट मेला. पुढच्या वर्षी जनरल हार्नीने सूड म्हणून ब्लू वॉटर नाल्यावर बायकापोरांसकट ऐंशीच्या वर माणसं मारली. एका गाईपायी.

कोकणी_मेवा

हे गाईचं माहीत नव्हतं. बरं.

मग रस्त्यात माणसं मरायची ती कशाने?

रानवारा

पटकीने. म्हणजे कॉलरा. १८४९ ते ५२ सगळ्यात वाईट वर्षं. ही साथ मूळची बंगालकडची, बोटींमधून फिरत फिरत न्यू ऑर्लीन्स आणि तिथून वाफेच्या बोटींनी मिसूरी नदीवर जिथे हे लोक निघायच्या तयारीत तळ ठोकून असायचे तिथे पोचली. मग प्लॅटच्या काठी हजारो माणसं एकाच जागी मुक्काम करणार, नदीचं पाणी गढूळ म्हणून जवळच उथळ झरे खणणार आणि शेजारीच शौचाला बसणार. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी पुरलेला. कबर रस्त्यातच खणायचे आणि वरून गाड्या न्यायचे म्हणजे लांडगे उकरणार नाहीत. साधारण शंभरातले चारपाच जण पोचलेच नाहीत असा अंदाज.

बाकी नदीत बुडणं, स्वतःच्याच बंदुका उडणं (नवशिकी माणसं, भरलेल्या बंदुका गाडीत, खाचखळगे, बाकी काय होणार), आणि पोरं चाकाखाली येणं. १८४३ च्या त्या पहिल्या मोठ्या तांड्यातल्या ॲपलगेट भावांची दोन मुलं एवढं सगळं चालून आल्यावर शेवटी कोलंबिया नदीत होडी उलटून गेली. तीन वर्षांनी याच भावांनी दक्षिणेकडून वेगळी वाट काढली, ती नदी कोणाला उतरायला लागू नये म्हणून.

सांजसावली

सेगर कुटुंबाचं पण सांगते. १८४४. कॅथरिन नावाची मुलगी चालत्या गाडीतून उडी मारताना झगा अडकून चाकाखाली गेली, पाय मोडला. पुढे वाटेत वडील गेले, महिन्याभरात आई गेली. मागे सात भावंडं, सगळ्यात धाकटी तान्ही, रस्त्यातच जन्मलेली. बरोबरच्या लोकांनी सातही पोरं पोचवली, हे मला फार वाटतं. व्हिटमन म्हणून मिशनरी जोडपं होतं त्यांनी सगळ्यांना ठेवून घेतलं.

अर्धवटराव

आणि पुढे १८४७ ला त्या मिशनच्या भागात गोवर आला, तो पण याच रस्त्याने असं म्हणतात. कायूस टोळीतली जवळपास निम्मी माणसं गेली. डॉक्टर व्हिटमनच्या औषधाने गोरी पोरं बरी होतात आणि आपली मरतात हे बघून त्यांनी त्यालाच दोषी धरलं. नोव्हेंबरअखेरीस व्हिटमन नवराबायकोसकट तेरा जणांना मारलं, त्यात सेगरांची दोन मोठी मुलं. पाच कायूसांना १८५० ला ऑरेगॉन सिटीत फाशी.

कोणालाच सोडलं नाही त्या रस्त्याने. ताई, तुमची पोस्ट खराब करायची नव्हती.

सांजसावली

नाही हो, बरोबर आहे. त्याच घरातली गोष्ट आहे.

नवा_गडी

डॉनर पार्टीवाले हेच का? माणूस खाल्ला ते?

रानवारा

हो, १८४६. त्यांचं कॅलिफोर्नियाकडे जाणं होतं. वर ज्या हेस्टिंग्जचं गाईड सांगितलं त्यानेच एक शॉर्टकट सुचवला होता, ज्यावरून तो स्वतः गाड्या घेऊन कधी गेला नव्हता. ८७ जण. डोंगरात झाडं तोडून रस्ता करण्यातच आठवडे गेले, मग मिठाचं वाळवंट, तो सांगत होता त्याच्या दुप्पट निघालं, तिथे बैल गेले. कॅलिफोर्नियातल्या सिएरा डोंगराच्या खिंडीशी पोचले तोवर बर्फ. निम्म्याहून थोडेच जास्त वाचले. त्यातली तेरा वर्षांची व्हर्जिनिया रीड, तिने वाचल्यावर चुलतबहिणीला पत्र लिहिलं त्यात सल्ला दिलाय की शॉर्टकट कधी घेऊ नका आणि होईल तितक्या लवकर पुढे सरका. माझ्या बायकोने हे वाचलं आणि आता जीपीएस वेगळा रस्ता दाखवायला लागला की माझ्याकडे बघते.

त्या मानाने मूळ ट्रेलवरची रॉकीज ओलांडायची खिंड फारच साधी. साउथ पास, साडेसात हजार फुटांच्या आसपास उंची पण इतकी रुंद आणि मंद चढाची की लोकांना कळायचंच नाही आपण माथा ओलांडला, पाणी पश्चिमेला वाहताना दिसलं की कळायचं. आपला कसारा परवडला असं म्हणायला तिथे वावच नाही. खरे जीवघेणे उतार ऑरेगॉनात, बार्लो रोडवर, झाडांना दोर गुंडाळून गाड्या खाली सोडायचे आणि वर प्रत्येक गाडीला पाच डॉलर टोल! दोन हजार मैल चालून आल्यावर टोलनाका.

कोकणी_मेवा

टोल वाचून गहिवरून आलं.

रानवारा, इंडिपेंडन्स रॉकला गेलात का? तिथे नावं कोरलीत म्हणे, म्हणजे ‘पप्पू लव्ह पिंकी’ची सुरुवात तिकडून.

रानवारा

गेलो ना, गर्न्सीहून बराच लांब पडतो पण गेलो. ग्रॅनाइटचा आडवा पसरलेला ढेकूळ आहे. चार जुलैपर्यंत तिथे पोचलात तर वेळेत आहात असा हिशेब होता. नावं आहेत, झिजलीत, वर चढून शोधायला लागतात. ज्याच्याकडे कोरायला वेळ नव्हता त्याने वंगणाच्या डांबराने लिहिलं होतं, ती बहुतेक गेली.

खिलारप्रेमी

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. एक राहिलंच. पोचल्यावर बैलांचं काय झालं? आमचे आजोबा बैल म्हातारा झाला तरी विकायचे नाहीत, दावणीलाच मरायचा. एवढं दोन हजार मैल ओढून आणलं त्यांनी, मग ते शेताला लावले का काय केलं?

सांजसावली

काहींनी शेताला लावले, काही वाटेतच मेलेले असायचे. नाइट बाईंचं तेवढं पक्कं सांगते, तिच्या डायरीच्या शेवटी आहे. नवऱ्याने बैलांच्या दोन जोड्या देऊन जमीन घेतली. ३२० एकर, त्यात अर्धा एकर बटाटे लावलेले, आणि एक खिडकी नसलेली ओंडक्यांची खोली.

खिलारप्रेमी

म्हणजे चार बैल गेले.

सांजसावली

हो, चार.